सात वाजताची नोंद

१

आधीच सांगून ठेवतो, ह्या नोंदीत थाप नाही.

अकरा वर्षांत ह्या ब्लॉगवर मी काय काय थापा सोडल्यात ते जुन्या वाचकांना ठाऊक आहे. बंदरात दोन तोंडांचा बांगडा सापडला असं लिहिलं, तेव्हा आमचा नुकुई न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर फेस तसाच ठेवून धक्क्यावर पळत गेला होता. गिऱ्हाईकही त्याच्या मागोमाग, फेसासकट. तोच नुकुई आजही रोज सकाळी माझ्या नोंदीखाली एकच शब्द लिहितो, 'वाचलं.' आवडलं नाही, हसू आलं नाही, नुसतं 'वाचलं.' त्याच्या डोक्यावर जेवढे केस तेवढीच त्याची भाषा.

कोणी नवीन आलं असेल तर माझी ओळख. तोकुमारू झेन्जी, वय सत्त्याहत्तर. शिक्षण नऊ यत्ता, त्यातली शेवटची मास्तरांनी कंटाळून दिलेली. कुरोहामा गावच्या सार्वजनिक न्हाणीघराची भट्टी मी एकेचाळीस वर्षं पेटवली. पाडलेल्या घरांची लाकडं यायची, ती फोडून आत सारायची. न्हाणीघर बंद झालं, मग पाडलं, आता तिथे गाड्या उभ्या राहतात. मागची भट्टीवाल्याची खोली तेवढी राहिली. तीत मी राहतो.

ब्लॉग लिहून काय मिळतं, असं नुकुईची बायको मला विचारते. पैसा मिळत नाही. मान तर नाहीच, मासळीवाली अजून मला शिळा बोंबील देते. पण भट्टीवाल्याचा दिवस जाळीतून राख पडावी तसा खाली पडतो आणि संपतो. लिहायला लागल्यापासून रोज एक निखारा चिमट्याने बाजूला काढून ठेवावा लागतो, उद्या सकाळी दाखवायला. त्या पायी मी आकाशाकडे बघायला शिकलो. आज सूप खारट झालं हे एकट्याने गिळण्यात आणि वीस-पंचवीस माणसांना सांगण्यात फरक आहे. दूर दक्षिणेतली कोणी 'तीन मांजरांची आई' लगेच लिहिते, 'बटाटा टाका, झेन्-सान.' तिचं खरं नाव मला माहीत नाही. तिच्या तिन्ही मांजरांची पोटं कशी आहेत ते मात्र माहीत आहे.

पानाच्या तळाशी आलेल्यांचा आकडा दिसतो. आम्हा जुन्या ब्लॉगवाल्यांत एक रीत आहे. दहा हजार, पन्नास हजार असा गोल आकडा ज्याच्या पायाखाली येईल त्याने खाली नाव सांगायचं. न सांगता निघून जाणं म्हणजे पाऊल ठेवून पळणं, त्यासारखी नामुष्की नाही. आणि जो सांगेल त्याला घरधन्याने काहीतरी द्यायचं. पन्नास हजारावर नुकुईचं पाऊल पडलं, त्याला मी न्हाणीघराची लाकडी बादली दिली. एक लाखाव्यासाठी मी जाहीर केलं होतं, मागाल ते करीन.

म्हाताऱ्या माणसाने असं बोलू नये.

२

ओरितो फुसाए माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तीस वर्षं ती न्हाणीघराच्या दाराशी उंच बैठकीवर बसायची, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष, डोक्याला पांढरा रुमाल गुंडाळलेला. मी भिंतीमागे भट्टीपाशी. आमच्या मध्ये एक लोखंडी नळ. तिथून हाक ऐकू यायची नाही, म्हणून ती जोड्यांच्या कप्प्याची किल्ली घेऊन नळावर ठोकायची. दोन ठोके, पाणी फार गरम आहे, थांब. तीन ठोके, कोमट आहे, आग वाढव. आणि दिवसाच्या शेवटी एक ठोका, मी दार लावते, तूही ये.

तीस वर्षांत आम्ही एकमेकांशी तोंडाने जेवढं बोललो त्याहून नळातून जास्त बोललो. न्हाणीघर पाडताना नळ माझ्या भिंतीशी कापला. बाहेर वीतभर तुकडा राहिलाय, तोंडात चिंध्या कोंबलेल्या. पलीकडे काही नाही.

फुसाए-सान डोंगरावर एकटी राहायची, एकशे बारा पायऱ्या चढून. आजूबाजूची तीन घरं रिकामी. तिचाही ब्लॉग होता, 'डोंगरावरची खिडकी.' रोज सकाळी सातला खिडकीतून एक फोटो, किती थंडी आहे, सूप कशाचं केलं, एवढंच. तिची मुलगी चिगुसा नागोयाला असते. दोघींचा करार होता. आठपर्यंत नोंद दिसली नाही तर काहीतरी बिनसलंय, चिगुसाने फोन करायचा. सातची नोंद म्हणजे आई उठली, आई आहे.

३

गेल्या वर्षी बारा जानेवारीला, बर्फ पडायच्या आधी, मी शेवटचा वर चढलो. माझा गुडघा हिवाळाभर संपावर असतो. शेगडी बसवलेल्या मेजाखाली पाय घालून आम्ही संत्री सोलत बसलो.

"झेन, सातला उठवत नाही रे आता," ती म्हणाली. "बोटं कडक होतात. एक अक्षर दाबावं तर तीन उमटतात. आणि नोंद नाही दिसली की चिगुसा तासभर फोनवर. आई, इकडे ये. आई, इकडे ये."

"मग जा की."

"तिच्या चौथ्या मजल्यावर? खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले पायजमे दिसतात. त्यावर मी रोज काय लिहू?"

मी म्हटलं, "फुसाए-सान, गजर लावतो तशी नोंद लावून ठेवता येते. आज लिहायची, उद्या सातला आपोआप दिसते. तुम्ही खुशाल नऊपर्यंत घोरा."

"ही लबाडी झाली."

"लबाडी कसली, सोय."

"तुझ्या तोंडून सोय हा शब्द आला की मला तो मुळ्याचा साबण आठवतो."

मी मुळा साबणासारखा कापून पुरुषांच्या बाजूला ठेवला होता, पस्तीस वर्षांपूर्वी. अजून माफी नाही.

पण तिचे डोळे चमकले होते. त्या दुपारी आम्ही तीस नोंदी लिहिल्या, तेरा जानेवारी ते अकरा फेब्रुवारी. ती सांगायची, मी टंकायचो, जुने फोटो लावायचो. दुसऱ्याच्या सकाळी लिहायला मजा येते. 'आज आकाश निरभ्र, बर्फ नाही' असं आम्ही तेवीस तारखेला ठरवून टाकलं. तीन फेब्रुवारीला घरोघर दाणे फेकून 'भुतं बाहेर, भाग्य आत' ओरडतात आणि वयाइतके दाणे खातात, तेही आम्ही आगाऊ उरकलं. 'दाणे फेकले. ऐंशी खाल्ले. दात शाबूत.' हसून हसून तिला ठसका लागला.

निघताना ती दारात उभी राहून म्हणाली, "आता महिनाभर मी मेले तरी कोणाला कळायचं नाही."

मीही हसलो. इतका, की चौथ्या पायरीवर कठडा धरावा लागला.

४

नोंदी येत राहिल्या. रोज सात. खाली चिगुसा लिहायची, 'छान, आई.' तीन मांजरांची आई लिहायची, नुकुई 'वाचलं' म्हणायचा.

तेवीस जानेवारीला पहाटेपासून बर्फ कोसळत होतं. माझ्या दाराची कडी गाडली गेली. सातला तिची नोंद आली, 'आज आकाश निरभ्र, बर्फ नाही.' मला गुदगुल्या झाल्या. चोरी आता पकडली जाणार. मी खाली लिहिलं, 'फुसाए-सान, कुठल्या देशाच्या खिडकीत बसलाय आज?'

चोवीसला आमच्या यादीत होतं, 'पालकाचं सूप. उणे एक.' आली ती नोंद अशी:

'काल चुकलं. बर्फ आहे. दाराच्या कडीपर्यंत.'

म्हटलं, चला, म्हातारी उठली, वाचलं तिने. नोंद बदलायची कशी हे तिला मीच दाखवलं होतं. फोटो नवा होता, पण धूसर, वाफेतून काढावा तसा. मला वाटलं, चहाचा कप खिडकीशी ठेवला असेल.

कोणाच्या दाराच्या कडीपर्यंत, हे तिने लिहिलं नव्हतं. माझ्या दाराचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. पण बर्फ सगळीकडे सारखंच पडतं, दारंही सारखीच. मी नऊ यत्ता शिकलेला माणूस, एवढा हिशेब मला जमतो. मी तो जमवला.

५

तीन फेब्रुवारी. माझ्या खोलीत मी आदल्या रात्रीच दाणे फेकले, दोन उशीखाली गेले, ते रात्रभर टोचले. सकाळी 'ऐंशी खाल्ले, दात शाबूत' वाचायला कॉम्प्युटर उघडला.

'ह्या वर्षी दाणे फेकले नाहीत. फेकले असते तर मलाच जावं लागलं असतं.'

मी हसलो. हे कबूल करायला हवं. विनोद अगदी माझ्या जातीचा होता. ही माझ्या संगतीत बिघडली म्हटलं. खाली लिहिलंसुद्धा, 'शाब्बास, शिष्या.'

नुकुईने त्या दिवशी 'वाचलं' लिहिलं नाही. दुपारी हजामतीला गेलो तेव्हा वस्तरा हवेत धरून तो म्हणाला, "झेन, ती म्हातारी बरी आहे ना?"

"तुझ्यापेक्षा बरी. तिला केस आहेत."

"वर जाऊन यावं का?"

"एवढ्या बर्फात? तू घसरून पडलास तर गावाला न्हावी कुठून आणू?"

तो गप्प झाला. गप्प करणं मला चांगलं येतं. आयुष्यभर तेच केलं.

६

सहा तारखेला चिगुसाचा फोन आला. ती लहान असल्यापासून मला काका म्हणते.

"झेनकाका, आई फोन उचलत नाही."

"डावा कान गेलाय तिचा आणि झोपते उजव्यावर. कशी उचलेल?"

"तीन दिवस?"

"ब्लॉग येतोय ना?"

"येतोय हो, रोज सातला. म्हणूनच इतके दिवस काही वाटलं नाही. काका, तुम्ही भेटलात का तिला एवढ्यात?"

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. चिगुसा, त्या नोंदी आम्ही आधीच लिहून ठेवल्या होत्या. बस. मग तिने पुढचं विचारलं असतं, माझी लबाडी उघडी पडली असती, फुसाए-सानला नागोयाला ओढून नेलं असतं, पायजम्यांसमोर बसवलं असतं, आणि ती मला जन्मभर म्हणाली असती, तुझी सोय. आणि शिवाय बर्फाची नोंद होती, दाण्यांची होती. त्या काही आम्ही लिहिलेल्या नव्हत्या. म्हणजे तिनेच लिहिल्या. म्हणजे ती ठीक होती.

"भेटलो की," मी म्हणालो. "परवाच. गालावर लाली आलीय म्हातारीच्या."

चिगुसाने सुस्कारा सोडला. तो सुस्कारा माझ्या कानात अजून आहे.

७

अकराला तीस नोंदी संपल्या. मी यादीवर शेवटची खूण केली. बाराला सात वाजता काही येणार नाही किंवा तिने स्वतः लिहिलेलं येईल. काही आलं नाही तर कितीही बर्फ असो, वर जायचं, असं मी ठरवलं.

सात वाजले. नोंद आली. फोटो नव्हता.

'पाणी कोमट आहे.'

मी ते वाचत असतानाच भिंतीतल्या नळावर तीन ठोके पडले.

थंडीत नळ वाजतात. लोखंड आकसतं, आत बर्फ धरतं. हे मी नुकुईच्या बायकोला दहा वेळा समजावलंय. मी कोट घालून बाहेर गेलो. चिंध्या जागच्या जागी. वर बर्फाची टोपी, तिच्यावर चिमणीचा पायसुद्धा उमटलेला नाही. लोखंडाला हात लावला. बर्फाएवढंच थंड.

आत आलो आणि शेगडी पेटवायचं सोडून दिवसभर पांघरुणात बसून राहिलो. वर गेलो नाही. का गेलो नाही, ते मला विचारू नका, तुम्हाला समजलंय.

तेराला सकाळी माझ्या पानाचा आकडा नव्व्याण्णव हजार नऊशे अठ्ठ्याण्णव होता. घरधन्याची पावलं मोजत नाहीत, म्हणून मी नुसता बघत बसलो. तिच्या पानावर सातला काही आलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. सात वाजून तीन मिनिटांनी नव्व्याण्णव. तो नुकुई असणार. चौथ्या मिनिटाला एक लाख.

मी वाट पाहिली. प्रतिक्रिया आली. नाव, 'डोंगरावरची खिडकी.'

'माझं पाऊल पडलं. मी पळाले नाही. झेन, आग वाढव.'

आणि नळावर तीन ठोके. सावकाश, किल्लीने ठोकावेत तसे.

८

नुकुईला उठवावं लागलं नाही, तो दुकानाच्या दारात कोट घालून उभाच होता. त्यानेही वाचलं होतं. चौकीतून हवालदार शिओमीला घेतलं. फावड्याने वाट काढत आम्ही चढलो. एकशे बारा पायऱ्या, वर कोरं बर्फ. कोणी उतरलं नव्हतं, कोणी चढलं नव्हतं.

गुडघ्यामुळे मी मागे राहिलो. ते दोघे दाराकडे वळले. मी वर पोचलो तो खिडकीपाशी. हीच ती खिडकी, जिच्यातून अकरा वर्षं मी माझ्याच गावाकडे पाहिलं होतं.

काच आतून वाफेने पांढरी झाली होती. न्हाणीघराची काच हिवाळ्यात व्हायची तशी, थेंब ओघळत होते. म्हणजे आत ऊब आहे, म्हणजे चहा चालू आहे, असं वाटून मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने हाक मारली. तेवढ्यात आतून तळहाताएवढा गोल पुसला गेला. पुसणारा हात मला दिसला नाही. त्या गोलातून मला खोलीचा शेवटचा कोपरा दिसला आणि तिकडे जाणारी एक पाठ. डोक्याला पांढरा रुमाल. ती वळायच्या आत गोल पुन्हा पांढरा झाला.

दार फोडल्याचा आवाज आला. मग नुकुईचा, कधी ऐकला नाही असा.

ती शेगडीच्या मेजापाशी कुशीवर होती, गुडघे पोटाशी घेतलेले, कधीच थंड झालेली. शेगडी विझलेली. घरात उभं राहवत नव्हतं इतकी थंडी. कॉम्प्युटर मिटलेला, वायर काढून गुंडाळून रबर लावलेलं, झाकणावर धुळीचा थर आणि संत्र्याची वाळलेली साल.

डॉक्टर म्हणाला, वीस किंवा एकवीस जानेवारी.

मी शिओमीला काचेबद्दल विचारलं. तो म्हणाला, "आजोबा, काचेवर आतून बर्फाचे काटे होते. नखाने खरवडून बघितलंय मी."

९

दहनाच्या दिवशी मी चिगुसाला सगळं सांगितलं. तीस नोंदी, परवाची भेट, गालावरची लाली. ती ओरडेल असं वाटलं होतं. चारचौघांत मारेल असंही, आणि मी मान पुढे करून बसलो होतो.

तिने हातातल्या हाडं उचलायच्या काड्या खाली ठेवल्या.

"वीसलाच गेली?"

"डॉक्टर म्हणतो."

"मी त्यानंतर तीन आठवडे रोज लिहीत होते. छान, आई. काळजी घे, आई." मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ते कोण वाचत होतं, काका?"

बर्फाच्या आणि दाण्यांच्या नोंदी तिने नंतर शोधल्या. पानावर आमच्या जुन्याच होत्या. 'पालकाचं सूप. उणे एक.' 'ऐंशी खाल्ले. दात शाबूत.' बाराच्या नोंदीची जागा रिकामी. माझ्या पानाखालची लाखाची प्रतिक्रियाही दिसत नाही. पण नुकुईने ती वाचली होती. 'वाचलं' हा त्याचा शब्द त्या रिकाम्या जागेखाली अजून तसाच आहे, आणि आता मी त्या शब्दाला हसत नाही.

१०

मागाल ते करीन, असं मी म्हटलं होतं. म्हणून गेलं वर्षभर मी रोज सकाळी सातला शेगडी पेटवतो, ऐन उन्हाळ्यातसुद्धा. लोकांना वाटलं म्हातारा चळला. तुम्ही लिहिलंत, 'झेन्-सान, नोंदींत गंमत राहिली नाही.' खरं आहे. सातला तीन ठोके पडतात, मी लाकूड सारतो, मग शांत होतं. एकदा जास्त सारलं तर दोन पडले. त्या दिवशी मी रडलो, ते नोंदीत लिहिलं नव्हतं. लिहिलं, की कांदा चिरला.

आज एकोणीस जानेवारी आहे. बाहेर बर्फ पडतंय. आज सकाळी शेगडी पेटवायच्या आधीच ठोका आला.

एकच.

एक ठोका म्हणजे काय, ते मी वर लिहिलंय. विसरला असाल तर वर जाऊन वाचा, म्हाताऱ्याला दोनदा लिहायला लावू नका.

ही नोंद मी आज दुपारी लिहितोय आणि उद्या सकाळी सातला लावून ठेवतोय. गेल्या वर्षीनंतर आज पहिल्यांदाच. तुम्ही म्हणाल, झेनने पुन्हा बांगडा सोडला. म्हणा. नुकुई, तू म्हणू नकोस. माझ्या दाराची दुसरी किल्ली तुझ्या दुकानात पावडरच्या डब्यात आहे, परवा तू माझी मान पुसत होतास तेव्हा मी टाकली. हे वाचून झालं की 'वाचलं' लिहू नकोस. आधी खाली माझ्या नावाने हाक मार. पाच मिनिटं थांब.

उत्तर आलं, तरी ये.